बशीखाली ठेवायचं नाही

"उठायचं न्हाई! कुनीबी जागचं उठायचं न्हाई!"

रीडिंग स्टेशनच्या चहाघरात हा आवाज फुटला, तेव्हा मला विलायतेत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. आमचे घरमालक माझ्या समोरच्या खुर्चीवर होते. बसलेले नव्हे, उभे. अंगावर रेल्वेच्या हमालाचा निळा युनिफॉर्म, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात, डोक्याच्या वर, एक चकचकीत नाणं. चहाघरातले समस्त इंग्रज दगडाचे झाले होते. एका गृहस्थाने चहात बिस्किट बुडवलं होतं, ते आतल्या आत विरघळून गेलं तरी त्याने बोटं हलवली नाहीत. एका बाईने घाईघाईने पेपर तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

पहिली आरोळी मराठीत गेल्याचं मालकांच्या लक्षात आलं आणि ते इंग्रजीवर आले. म्हणजे शब्द इंग्रजी. चाल कोल्हापूरच्या खासबागेतल्या कुस्ती-मैदानातली. मी मराठीतच देतो, कारण इंग्रजीतही ते मराठीच बोलत.

"ऐका हो ऐका! ही पोरगी, नाव मेगन, मुक्काम वेल्स! त्या तिकडच्या म्हाताऱ्याची गाडी चुकली, म्हातारा गारठला. हिनं काय केलं? किटलीतला सकाळपासनंचा शिळा चहा मोरीत वतला आनि ताजा केला! कुनी सांगितलं न्हवतं, सोताहून केला! ह्या कामगिरीबद्दल आपल्याकडनं हिला हे इनाम!"

एवढं बोलून ते खुर्चीवरच्या खुर्चीवर चारी दिशांना फिरले. नाणं सगळ्यांना दिसायला हवं ना.

काउंटरमागे चहाघराची व्यवस्थापक बाई उभी होती. 'शिळा चहा' हे शब्द तिने ऐकले आणि तिचा चेहरा त्या किटलीसारखाच तापला. मेगन लाल केसांची, विशीतली मुलगी. ती ट्रे घेऊन उभी होती; तिने ट्रे आपटला.

"खाली उतरा! उतरा म्हणते ना! माझी नोकरी घालवाल तुम्ही!"

तिचा आवाज खिडक्यांमधून बाहेर गेला, पूल ओलांडून चार नंबरच्या फलाटावर पोचला, आणि तिथे गाडी सोडायला उभ्या असलेल्या गार्डाने तो हुकूम समजून शिट्टी वाजवली. गाडी वेळेच्या आधी सुटली. हे मी बघितलेलं नाही, पण आमच्या घरात ते इतक्या वेळा सांगितलं गेलं की आता मला बघितल्यासारखंच आठवतं.

मी टेबलाखाली बुटाची नाडी बांधत होतो. माझ्या बुटांना नाडी नव्हती.

*

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, आणि त्यात गुपित काही नाही. ते नाव लिहायचं नव्हतंच, ते ओरडायचं होतं. आधी गावाचं नाव, मग वस्तादांचं, मग वडलांचं आणि शेवटी त्यांचं, प्रत्येकाच्या मधे हलगीवर टिपरू पडायला जागा सोडून. कागदावर ते अगदीच किरकोळ दिसतं.

आबा मूळचे कोल्हापूरचे. कुस्तीच्या मैदानात असत, पण पैलवान नव्हते. अंगकाठी अशी की जोराचा वारा सुटला तर आम्ही त्यांना घराबाहेर जाऊ देत नसू. ते पुकारा करायचे. कोण कुणाशी लढतोय, कुणी कुणाला कुठल्या डावावर चितपट केलं, आणि मुख्य म्हणजे कुणाकडून कुणाला काय इनाम, हे सगळं पत्र्याच्या लांबलचक कर्ण्यातून मैदानभर ओरडून सांगायचं काम. लाउडस्पीकर आले आणि हे काम बसलं. मग आबा बोटीवर चढले. कुणाच्या तरी सामानाबरोबर चढले आणि सामान उतरलं तेव्हा तेही उतरले, असं ते सोमवारी सांगत. शुक्रवारी वेगळं सांगत. कर्णा मात्र त्यांनी बरोबर आणला होता. तो जिन्याजवळच्या खिळ्याला टांगलेला असे, आणि रविवार सोडून रोज सकाळी आम्हा भाडेकरूंना त्यातून उठवलं जाई. शेजारच्या इंग्रज म्हातारीने त्या काळात घड्याळाला किल्ली देणं बंद केलं होतं.

रीडिंग तेव्हा बिस्किटांच्या कारखान्याचं, म्हणून बिस्किटांच्या वासाचं गाव होतं. वाऱ्याची दिशा बदलली की आख्ख्या गल्लीला भूक लागायची. आबांचं घर त्याच वाऱ्याच्या वाटेवर, एका चढावर, एकाला एक चिकटलेल्या लाल विटांच्या घरांच्या रांगेत. खाली रॉकेलचा हीटर, वर आम्ही. मी एका कंपनीत नकाशे काढायला आलेलो, आणि शेजारच्या खोलीत पुण्याचा एक डॉक्टर, जो हॉस्पिटलात रात्रपाळ्या करून दिवसा इंग्रज होण्याचा सराव करायचा. त्याने छत्री आणली, पाइप आणला, आणि हॉटेलात टिप ठेवण्याची इंग्रजी कला तर अशी काही आत्मसात केली की बशीखाली नाणं सरकवलेलं बशीलासुद्धा कळू नये.

नेमकं हेच आबांना खपायचं नाही.

"बशीखाली काय ठिवतोस रं? नानं हाय का ढेकूण हाय?"

"आबा, इथे पद्धत आहे ती. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून..."

"अवघडतंय कोन? तू अवघडतोयस. त्या पोरीनं तुज्यासमूर गरम जेवान ठिवलं ते काय टेबलाखालनं सरकवलं व्हय? समोर ठिवलं, तोंडाकडं बघून ठिवलं. मग तू का चोरावानी पळतोस?"

डॉक्टर पाइप झटकायचा. पेटवलेला कधीच नसायचा, तरी झटकायचा.

आबांचं हे वेड नुसतं वेड नव्हतं, हे मला कळायला वेळ लागला. एकदा रविवारी त्यांच्याबरोबर फलाटावर उभा होतो. एका साहेबाच्या जाडजूड बॅगा आबांनी पुलावरून वाहून आणल्या, डब्यात चढवल्या. साहेबाने खिशात हात घातला, आबांच्या तळहातावर नाणं ठेवलं, आणि हे सगळं करताना तो वर, फलाटाच्या छताकडे बघत होता. गाडी गेली. आबा म्हणाले,

"बघितलंस? असं देत्यात. छतालाच टिप दिल्यासारकी. इतकी वर्षं हितं वझी उचलतोय, पर हितल्या एका मानसानं देताना माज्या तोंडाकडं बघितलं न्हाई. हे छत मातूर समद्यास्नी वळकीचं हाय."

मग थोडं थांबून,

"मैदानात पडलेल्या पैलवानालाबी इनाम असतंय रं. पर ते पुकारून देत्यात. गुपचूप दिलं तर ते इनाम न्हवं. ती भीक."

*

भारतातून पाहुणा आला की आबांचा वर्ग भरायचा. स्टेशनवरून घरापर्यंतच्या चढावर, पाहुण्याची ट्रंक डोक्यावर घेऊन, आबा त्याला विलायतेतल्या टिपेचे कायदे सांगत.

"टॅक्सीवाला दिसला, द्यायचं. न्हावी, द्यायचं, पर दुकान त्याचंच असंल तर न्हाई, मालकाला चालत न्हाई, त्याचा अपमान हुतोय. बसच्या कंडक्टरला न्हाई. नाटकात जागा दावनाऱ्या पोरीला न्हाई. हॉटेलात खोली झाडनारीला द्यायचं, आनि ती येस्तवर थांबून द्यायचं, उशीवर ठिवून पळायचं न्हाई. आनि पबात तर नानं काढलंत तर याद राखा!"

"का बुवा?" पाहुणा धापा टाकत विचारी.

"तितं म्हनायचं, 'आनि एक तुमच्यासाटी.' बास. मग त्यो आपल्या पैशानं सोताचा गिलास भरतो. आख्ख्या मुलखात येवढी येकच जागा, जितं इंग्रज तोंडानं देतोय!"

म्हणूनच, दारूच्या थेंबाला न शिवणारे आबा दर शनिवारी संध्याकाळी पबमध्ये जात. स्वतः लेमोनेड घेत. 'आणि एक तुमच्यासाठी' हे वाक्य म्हणायला मिळावं एवढ्यासाठीच ते जात, आणि ते वाक्य ते बारमनच्या नावागावासकट, शेवटी स्वतःचं आख्खं नाव जोडून पुकारत. सुरुवातीला लोक दचकले, मग त्यांना ते आवडू लागलं, मग प्रत्येक जण आबांना सांगू लागला की बाबा, माझ्यातर्फेही एक पुकार. त्या बारमनला इतक्या वेळा 'एक तुमच्यासाठी' मिळू लागलं की संध्याकाळ संपता संपता तो काउंटरच्या आतल्या बाजूला आडवा असायचा आणि गिऱ्हाइकं आपापले ग्लास स्वतःच भरून घ्यायची. पबच्या मालकाने शेवटी आबांना विनंती केली की शनिवारी याच, पण जरा हळू या.

आणि तो टॅक्सीवाला. डॉक्टरचे काका पुण्याहून महिनाभरासाठी आले होते. निवृत्त इंजिनिअर, शिस्तीचे. स्टेशनवरून आबांची ट्रंकवाली मिरवणूक नको म्हणून डॉक्टरने त्यांच्यासाठी टॅक्सी केली. काकांना टॅक्सीत डुलकी लागली; कवळी काढून रुमालात गुंडाळून सीटवर ठेवली, आणि ती तिथेच राहिली. कवळी सापडली तेव्हा टॅक्सीवाला पार भलतीकडे पोचला होता. भाडं सोडून तो परत आला, दार वाजवलं आणि रुमाल पुढे केला. हसला नाही. मी त्याच्या जागी असतो तर जिन्यावर लोळलो असतो.

काकांनी खिशातून नाणं काढलं आणि छताकडे बघत पुढे केलं. आमच्या दारात तर छतही नव्हतं. त्यांनी आभाळाकडे बघितलं.

"थांबा!" आतून आबा.

ते धावत वर गेले, आपली ट्रंक उघडली, आणि खाली आले ते भगवा फेटा घेऊन. टॅक्सीवाल्याला पायरीवर बसवलं. तो बिचारा सकाळपासूनचा थकलेला, बसला. आबांनी त्याला कोल्हापुरी फेटा बांधला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला, आणि मग कर्णा तोंडाला लावून आख्ख्या गल्लीला सांगितलं की या माणसाने पुण्याच्या इंजिनिअरचे दात परत आणून दिले आहेत. खिडक्या उघडल्या. काका आत पळाले. त्यांनी दात बसवले, पण दोन दिवस त्यांचा उपयोग केला नाही, इतके ते गप्प होते.

टॅक्सीवाला त्या दिवशी फेटा काढायला तयार होईना. त्याच फेट्यात त्याने उरलेला दिवस टॅक्सी चालवली. म्हणे एका अमेरिकन बाईने त्याला कुठलासा राजा समजून भाड्यापेक्षा जास्त टिप दिली, आणि तीही तोंडाकडे बघून.

*

मेगनची नोकरी चहाघरातल्या त्या पुकाऱ्याच्या आठवड्यातच गेली. शिळ्या चहाचं जाहीर झालं होतं, कुणाला तरी भोवणार होतंच. व्यवस्थापक बाईने ते मेगनला भोवेल अशी व्यवस्था केली.

हे कळलं तेव्हा आबा रॉकेलच्या हीटरसमोर बसून राहिले. भाकरी थापायला घेतली होती ती तशीच परातीत वाळली. आबांच्या तोंडून आवाज न येण्याचा माझ्या आठवणीतला तो पहिला दिवस. डॉक्टर म्हणाला, "तरी मी सांगत होतो, बशीखाली ठेवलं असतंत तर..." आणि आबांचा चेहरा बघून त्याने वाक्य आणि पाइप दोन्ही खिशात घातले.

दुसऱ्या दिवसापासून आबा रोज सकाळी स्टेशनमास्तरच्या खोलीत. मागणी एकच. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारा म्हातारा निवृत्त होत होता, आणि तो बोलायचा तेव्हा गाडी येतेय की त्याला खोकला येतोय हे प्रवाशांना कळत नसे. त्या जागेवर या मुलीला घ्या.

"का घ्यावं?" स्टेशनमास्तर विचारी.

"साहेब, ती माज्यावर वरडली ती तुमी ऐकली न्हाई?"

"ऐकली."

"कुटं हुता तुमी?"

स्टेशनमास्तर तेव्हा चार नंबरवर होता. तो बराच वेळ कागद इकडचे तिकडे करत राहिला, आणि महिन्याच्या शेवटी मेगन पुलाजवळच्या काचेच्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसली. पगार चहाघरापेक्षा चांगला. पण तिने आबांशी बोलणं टाकलं ते वर्षभर. मग एका थंडीत आबा जिना चढून वर गेले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "पोरी, गावाचं नाव घेताना शेवट गिळू नगंस. मानूस त्या गावाला चाललाय, त्याला आख्खं गाव दे." तिने दार लावून घेतलं. पण त्या संध्याकाळपासून तिने वेल्समधलं 'स्वान्सी' असं काही म्हणायला सुरुवात केली की फलाटावरच्या वेल्श लोकांचे डोळे पाणवायचे आणि तिकडे न जाणारे दोघंतिघं त्या गाडीत चढायचे.

*

वर्षं गेली. शिलिंग गेले, नवे पैसे आले. टिप किती द्यायची या गोंधळात आख्खा देश काही महिने हिशेब करत उभा राहिला. मग फलाटावर चाकांच्या ढकलगाड्या आल्या. लोक आपलं सामान आपणच ढकलू लागले. आबा त्या गाड्यांकडे असे बघायचे, जसे एकदा लाउडस्पीकरकडे बघितले असतील. हमाल एकेक करून घरी जायला लागले, आणि प्रत्येकाचा निरोप तसाच: शेवटच्या दिवशी ऑफिसात बोलावणं, पाकीट, हस्तांदोलन, देणारा साहेब घड्याळाकडे बघतोय.

आबांची तारीख ठरली त्या संध्याकाळी ते जेवताना अचानक म्हणाले,

"आता मलाबी बशीखाली सरकवनार."

डॉक्टरने आणि मी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टर तोवर बराच सुधारला होता, म्हणजे पाइप सोडला होता. त्या रात्रीपासून आबांनी आम्हाला कर्ण्यातून उठवणं बंद केलं. पहिल्या सकाळी मी कामावर उशिरा पोचलो. दुसऱ्या सकाळी वेळेवर उठलो, आणि त्या शांततेत अंथरुणात बसून राहिलो. शेजारची म्हातारी दार वाजवायला आली. "ते बरे आहेत ना?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच आमचं दार वाजवलं होतं.

आम्ही दोघं मेगनकडे गेलो. ती आता दोन मुलांची आई, केसांतला लाल रंग जरा उतरलेला. काचेच्या खोलीत उभं राहून आम्ही सांगितलं: त्या दिवशी, फक्त एकदा, त्यांचं नाव पुकार.

"नाही," ती म्हणाली.

"एकच वाक्य..."

"गाडी, हरवलेलं मूल आणि आग. या तिन्हीखेरीज यातून काही बोलायचं नाही, असा नियम आहे. मागे एकदा मी नुसतं 'सांभाळून जा' म्हटलं तर लेखी ताकीद मिळाली. त्या माणसाच्या तोंडामुळे एकदा माझी नोकरी गेली आहे. दुसरी माझ्या स्वतःच्या तोंडामुळे घालवू? मुलांना काय सांगू?"

खाली उतरताना डॉक्टर म्हणाला, "तिचं बरोबर आहे रे." बरोबरच होतं. तेच तर दुखत होतं.

*

शेवटच्या दिवशी आम्ही अर्धी रजा टाकून गेलो. ऑफिसातला समारंभ चहा थंड व्हायच्या आत संपला. स्टेशनमास्तर नवा होता, तरुण, वाईट नव्हता. पण पाकीट देताना त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलीच. आबा "थँक्यू सर" म्हणाले. इतक्या हळू की मला वाटलं, दुसराच कुणी बोलला.

बाहेर आल्यावर ते घरी निघतील असं वाटलं. पण त्यांनी टोपी नीट केली आणि चार नंबरकडे चालू लागले. दुपारची स्वान्सीची गाडी यायची होती. एक उंच, वयस्कर गृहस्थ दोन मोठ्या सुटकेसी घेऊन उभे होते. ढकलगाडी शेजारीच होती. आबांनी ती पायाने बाजूला सारली आणि सुटकेसी उचलल्या.

पुलाच्या पायऱ्यांवर गडबड झाली. कवळीवाला टॅक्सीवाला! डोक्यावर तोच फेटा, रंग विटलेला. उलगडू नये म्हणून त्याच्या बायकोने टाचण्या मारून ठेवलेला. तो येऊन आमच्या शेजारी अवघडून उभा राहिला. आबांनी त्याला बघितलं आणि नजर वळवली.

वरचे भोंगे खरखरले.

"फलाट क्रमांक चारवर येणारी गाडी स्विंडन, न्यूपोर्ट, कार्डिफ..." मेगनने 'स्वान्सी' आख्खं दिलं. आणि ती थांबली. नेहमी ती इथे बटण बंद करायची. बटण बंद झालं नाही. भोंग्यांतून तिचा श्वास ऐकू येत होता. मी वर काचेच्या खोलीकडे बघितलं. ती उभी होती. बसून बोलायचं काम ती उभी राहून करत होती.

"ह्या गाडीत तुमचं सामान चढवणारे..." आणि मग आलं ते नाव. आधी गाव. कोल्हापूर, शेवट न गिळता. मग वस्ताद. मग वडील. प्रत्येकाच्या मधे हलगीपुरती जागा. आणि शेवटी ते स्वतः. तिला हा क्रम कुठून कळला मला माहीत नाही. पबमधल्या किती शनिवारी ती कोपऱ्यात बसली असेल कुणास ठाऊक. "...ह्यांचं आजचं हे शेवटचं सामान. प्रवाशांना विनंती आहे, त्यांच्याकडे बघावं."

इंग्रज माणसाला 'बघ' म्हटलं की तो आधी बुटांकडे बघतो. आख्ख्या फलाटाने बुटांकडे बघितलं. मग एका लहान मुलीने मान वर केली, मग तिच्या आईने, आणि मग फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माना वर येत गेल्या. छताकडे कुणी बघितलं नाही. मला विचाराल तर ते छत त्या दिवशी जरा खाली वाकलं होतं.

आबांनी सुटकेसी खाली ठेवल्या. कपाळावरचा घाम पुसला. मग कुस्ती मारलेला पैलवान जशी मैदानातून फेरी काढतो, तसे ते छाती काढून (ती जेवढी होती तेवढी काढून) फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. ना हसले, ना हात हलवला. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कुणीतरी टाळी वाजवली, ती पसरली. टॅक्सीवाला तर शिट्ट्या घालत होता. गाडी आत आली आणि इंजिनाने भोंगा दिला. डॉक्टर म्हणतो तो नेहमीचाच होता. डॉक्टरला काय कळतंय.

"माझ्या बॅगा!" तो उंच गृहस्थ म्हणाला, कारण गार्ड शिट्टी तोंडात धरून उभा होता. आबांनी फेरी पुरी केली, मगच सुटकेसी चढवल्या. गृहस्थांनी खिशात हात घातला. मग काय वाटलं कोण जाणे, रिकामा हात बाहेर काढला, टोपी काढली, आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि मोठ्याने, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं, स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगितलं. आणि हात पुढे केला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला.

तरुण स्टेशनमास्तर धावत पुलावरून वर गेला, मेगनच्या खोलीत. दार बंद झालं. आम्ही खाली उभे. बऱ्याच वेळाने तो खाली आला, हातात चहाचा कप. काय बोलणं झालं ते कधी कळलं नाही. पुढची गाडी मेगननेच सांगितली. तिची मुलं मोठी होऊन नोकरीला लागेपर्यंत तीच सांगत राहिली, एवढं मला नक्की माहीत आहे.

आम्ही चढ चढून घरी आलो. वारा बिस्किटांकडून होता. चौघं चालत होतो, म्हणजे आम्ही तिघं आणि फेटा. आबांनी दार उघडलं, टोपी काढून खिळ्याला, कर्ण्याच्या शेजारी, टांगली आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मला राहवेना.

"आबा," मी म्हटलं, "कसं वाटलं?"

"दोन नंबरवर आवाज पोचला न्हाई," आबा म्हणाले.